साडेअकरा लाखांची वही: घरावरचं मोठं कर्ज झेपेल अशा बेताने कसं फेडायचं

जानेवारी २०२२ मधल्या एका रविवारी, जेवणं आटोपल्यावर, मी मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि यांना म्हटलं, "अहो, आज सगळं लिहून काढू. कुणाचं किती देणं आहे ते." २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरात शिरलं होतं. मधल्या काळात लॉकडाऊनमुळे यांचं उद्यमनगरातलं लेथचं वर्कशॉप कधी बंद, कधी चालू. घरदुरुस्तीचं कर्ज काढलं, ते पुरेना म्हणून पतसंस्था, मग सोनं तारण, मग कार्ड. प्रत्येक कर्ज घेताना हेच शेवटचं असं वाटलं होतं.

सहा-सात नोंदी झाल्या. मी विचारलं, "झालं? आणखी काही?" हे पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "कार्डावर वीस नाही, शहाऐंशी हजार आहेत. आणि एका मित्राला मी जामीन आहे." राग आला होता. पण त्या क्षणी आवाज चढवला असता तर पुढचं काहीच बाहेर आलं नसतं, म्हणून मी फक्त लिहून घेतलं. बेरीज आली ११ लाख ५० हजार.

पुढची चार वर्षं आम्ही त्या वहीवर चाललो. त्यात जे कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे. कडक योजना कागदावर छान दिसते आणि तिसऱ्या महिन्यात मोडते. वाईट महिन्यातसुद्धा टिकेल एवढाच बेत करायचा, हे माझं ठाम मत आहे, आणि खालच्या प्रत्येक टप्प्यात ते दिसेल.

पहिलं काम: एकही देणं न लपवता लिहिणं

प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी लिहा: आज शिल्लक किती, व्याजदर किती, हप्ता किती, दरमहा त्यातलं व्याज किती, आणि तारण किंवा जामीनदार कोण. अंदाजाने लिहू नका. बँकेतून आणि पतसंस्थेतून कर्जखात्याचा उतारा मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट देतात. तोही काढा, कारण नवरा-बायकोला एकमेकांची माहीत नसलेली खाती बऱ्याचदा तिथेच सापडतात.

दरमहाचं व्याज काढायला शिल्लक गुणिले व्याजदर भागिले १२००. एवढंच गणित. आमची यादी अशी निघाली. घरदुरुस्तीचं बँक कर्ज ५,२०,००० साडेसात टक्क्यांनी, हप्ता ७,४००. पतसंस्था २,४०,००० चौदा टक्क्यांनी, हप्ता ६,६००. सोने तारण १,५०,००० बारा टक्क्यांनी, दरमहा नुसतं व्याज १,५००. क्रेडिट कार्ड ८६,०००, महिन्याला साडेतीन टक्के. दुचाकी ३८,०००, हप्ता २,९००. माझ्या भावाचे हातउसने ६०,०००. किराणा दुकानाची उधारी ११,०००. आणि भिशी.

भिशीवर जरा थांबते, कारण आपल्याकडे तिला कर्ज म्हणून कुणी मोजतच नाही. मी वीस जणींच्या भिशीत होते, महिन्याला ५,०००. माझी उचल आधीच झाली होती आणि ती पुरानंतरच्या गाद्या-कपाटांत संपली होती. अजून नऊ हप्ते भरायचे होते, म्हणजे ४५,००० चं देणं. उचलण्याआधी भिशी ही बचत असते, उचलल्यानंतर ते कर्ज असतं. तेही अशा बायकांचं, ज्यांच्याशी रोज गाठ पडते. ते वहीत पहिल्या पानावर हवं.

जामीनकी वेगळ्या पानावर लिहा. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. "सही तर केली आहे नुसती" हे वाक्य वसुलीच्या वेळी उपयोगाचं नाही. यांच्या त्या मित्राचे हप्ते चालू आहेत की थकलेत, एवढं संस्थेत जाऊन विचारलं. चालू होते. तरी दर तिमाहीला विचारायचं ठरवलं.

खड्डा किती रुपयांचा आहे ते बघा

आमचे सगळे हप्ते, कार्डाची किमान रक्कम धरून, महिन्याला २७,७०० होत होते. घरखर्च २४,०००. मिळकत माझा शाळेतल्या कारकुनीचा पगार १७,००० आणि वर्कशॉपचे सरासरी २८,०००, म्हणजे ४५,०००. दरमहा ६,७०० कमी पडत होते आणि ते कार्डावरून येत होते. खर्च उधळपट्टीचा नव्हता, तरी कर्ज का वाढतंय हे कोडं त्या एका वजाबाकीत सुटलं.

कार्डाची गंमत नव्हे, दुखणं सांगते. ८६,००० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३,०१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५४२. किमान रक्कम आम्ही भरायचो ४,३००. त्यातून मुद्दलाला जेमतेम साडेसातशे रुपये लागत होते, आणि महिनाअखेरीला त्याच कार्डावर नवी खरेदी. मागची बाकी असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, ती घेतल्या दिवसापासून व्याज खाते.

म्हणून पुढचं काहीही करण्याआधी नवं कर्ज थांबवा. आम्ही कार्ड कातरलं नाही, सासूबाईंच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि मोबाईलमधल्या सगळ्या खरेदीच्या ठिकाणांवरून त्याचा नंबर काढून टाकला. हप्त्यावर काहीही घ्यायचं नाही, "बिनव्याजी हप्ता" असला तरी नाही.

घरखर्च: कशाला हात लावायचा, कशाला नाही

२४,००० चे आम्ही २१,५०० केले. यापेक्षा खाली गेलो नाही आणि जाऊ नये असंच सांगेन. रविवारचं मटण बंद केलं असतं तर महिन्याला हजारभर वाचले असते, पण कोल्हापुरातल्या घरात रविवारी तांबडा-पांढरा नाही म्हणजे पोरांना घर आजारी वाटतं. एक रविवार मटण, एक रविवार अंडी, असं केलं आणि ते चार वर्षं टिकलं. कमी झालं ते वेगळं: तीन मोबाईलची महागडी रिचार्ज, न बघितले जाणारे दोन चॅनेलांचे पैसे, दोन गाड्या वेगवेगळ्या वेळी बाहेर काढून जाळलेलं पेट्रोल, आणि उधारीवर किराणा घेताना भाव न बघण्याची सवय. रोख घ्यायला लागल्यावर मी लक्ष्मीपुरीत जाऊन महिन्याचं एकदम भरायला लागले. तिथेच सर्वांत जास्त वाचलं.

वर्षातून एकदा येणारे खर्च मात्र आधीच मोजा. घरफाळा, पाणीपट्टी, गाडीचा विमा, शाळेची वह्या-पुस्तकं, गणपती, तालमीची वर्गणी, जोतिबाची यात्रा, लग्नसराईतले आहेर, दिवाळी. आमचे वर्षाचे ३०,००० निघाले, म्हणजे महिन्याला अडीच हजार. ते २१,५०० च्या आत धरले आणि वेगळ्या बचत खात्यात टाकत गेलो. बहुतेक घरांचा बेत फसतो तो याच खर्चांनी. जून आला की शाळा, सप्टेंबर आला की गणपती, आणि दरवेळी "या महिन्यात तेवढं जमलं नाही" असं होतं. तो महिना अचानक येत नसतो, कॅलेंडरवर छापलेला असतो.

मिळकत वरखाली होत असेल तर आणखी एक खातं लागतं. वर्कशॉपमधून कधी १८,००० यायचे, कधी ४०,०००. आम्ही २८,००० हा यांचा "पगार" ठरवला. वर आलेलं त्या खात्यात, कमी पडलं की त्याच खात्यातून. आणि येणी वसूल करा. आमचेच जॉबवर्कचे ७०,००० शिरोलीकडच्या दोन कारखान्यांकडे अडकले होते, आणि आम्ही इकडे व्याज भरत होतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर ४५ दिवसांत द्यावं लागतं, असा २००६ च्या कायद्याचा नियम आहे. यांनी भांडण न करता त्या नियमाचा उल्लेख बिलाखाली छापायला सुरुवात केली. सगळे नाही, पण बरेच पैसे आले.

कुठलं कर्ज आधी

सर्वसाधारण नियम सोपा आहे: सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते भरत राहायचे आणि जे काही जास्तीचं हाती येईल ते एकाच, सर्वांत महाग कर्जावर टाकायचं. सगळीकडे थोडं थोडं टाकलं की कुठलंच संपत नाही. काही जण सांगतात, सर्वांत लहान कर्ज आधी संपवा, हुरूप येतो. मला पटतं ते एवढंच की दोन कर्जांचे दर जवळजवळ सारखे असतील तर लहान आधी घ्या. ४२ टक्क्यांचं कार्ड आणि शून्य टक्क्यांचे भावाचे पैसे यांत निवड करायची वेळ आली, तर हुरुपापायी भावाचे आधी फेडणं महागात जाईल.

दराशिवाय दुसरी गोष्ट बघायची ती माणसांची. भिशीचा हप्ता आणि जामीनदार असलेलं कर्ज कधीच थकवायचं नाही. पतसंस्थेची थकबाकी झाली की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेतला जातो आणि जामीनदाराच्या पगारापर्यंत गोष्ट जाते. आमच्या पतसंस्थेच्या कर्जाला यांचे दोन मित्र जामीन होते. त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. त्याच्या दारात नोटीस जाणं आम्हाला मान्यच नव्हतं.

व्याजदर तपासताना तो घटत्या शिल्लकेवर आहे की सरळ, हे विचारा. एक लाख तीन वर्षांसाठी "फक्त १० टक्क्यांनी" सरळ व्याजाने घेतले तर हप्ता ३,६११ बसतो. पण मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लागत राहतं, त्यामुळे खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. दुचाकी आणि घरगुती वस्तूंच्या कर्जात हे फार होतं.

सोनं: ठेवायचं, तारण टाकायचं की मोडायचं

आमचं निम्मं सोनं आधीच तारण होतं. उरलेल्यात सासूबाईंच्या दोन पाटल्या होत्या. त्यांनीच विषय काढला. "माझ्या हातात आता त्या बसत नाहीत, आणि पोराच्या डोक्यावर व्याज बसतंय," म्हणाल्या. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, तीन दुकानांत विचारलं. पहिल्या ठिकाणी बदल्यात नवा दागिना घेतला तरच पूर्ण भाव, रोख हवे तर कमी. दुसऱ्याने घट जास्त धरली. तिसऱ्या पेढीवर काट्यावर पाटल्या ठेवल्या तेव्हा सासूबाई काट्याच्या आकड्याकडे न बघता पाटलीवरच्या ठेचेकडे बघत होत्या. ती यांच्या लहानपणी उखळावर आपटून पडलेली. २१ ग्रॅम भरलं, हातात ९१,००० आले. त्याच दुपारी कार्डाचे ८६,००० भरले, उरलेले पाच हजार अडीअडचणीच्या डब्यात.

नंतर सोनं खूप वाढलं. लोक म्हणतात, मोडायला नको होतं. मला वाईट वाटतं ते त्या ठेचेसाठी, हिशेबासाठी नाही. वर्षाला ४२ टक्के खाणारं कर्ज डोक्यावर ठेवून सोन्याच्या तेजीची वाट बघायची, तर आधी महिन्याला तीन हजार व्याज भरायला कुठून तरी आणावे लागतात, आणि ते आमच्याकडे नव्हते.

ठोकताळा असा धरा: महिन्याच्या व्याजाचं, म्हणजे कार्डाचं, ऍपचं किंवा सावकाराचं कर्ज असेल तर घरातलं सोनं मोडणं किंवा तारण टाकून ते मिटवणं परवडतं. साडेसात-आठ टक्क्यांच्या गृहकर्जासाठी दागिना मोडू नये. तारण टाकलंच तर दरमहा व्याज भरा. वर्षअखेरीला सगळं भरू म्हणून सोडलं की व्याज साचत जातं, आणि शेवटी लिलावाची नोटीस येते. मुदत ठेवींचंही तसंच. सात टक्क्यांची ठेव बाजूला ठेवून चौदा टक्के भरणं म्हणजे आपल्याच पैशावर दंड. महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम ठेवून बाकीची मोडा. विमा पॉलिसी मोडण्याआधी मात्र तिच्यावर कर्ज किती आणि कुठल्या दराने मिळतं ते विचारा, कारण सरेंडरमध्ये बरंच नुकसान होतं.

एकच मोठं कर्ज काढून सगळी मिटवावीत का?

पतसंस्थेच्या आमच्या कर्जावर बँकेने वाढीव गृहकर्जाचा पर्याय दाखवला होता: दहा टक्के, पंधरा वर्षं, हप्ता फक्त २,५८० च्या आसपास. ६,६०० च्या जागी २,५८०! मोह झाला. मग गणित मांडलं. पतसंस्थेचं कर्ज आहे तसं फेडलं तर पुढचं एकूण व्याज ७४,००० च्या आसपास. बँकेचं स्वस्त कर्ज पंधरा वर्षं फेडलं तर सव्वादोन लाख. शिवाय आज ज्या कर्जाला घर तारण नाही, ते घरावर बसणार.

असं कर्ज एकाच अटीवर घ्यावं: दर कमी, पण मुदत जुन्याएवढीच किंवा त्याहून कमी, आणि जुनी खाती त्याच दिवशी बंद. हप्ता थकायची वेळच आली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लांब मुदतीने श्वास मिळतो. पण तेव्हाही मधेमधे जादा भरत राहा. वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. पतसंस्थेत त्यांचे नियम वेगळे असतात, तिथे आधी लेखी विचारा.

बदलत्या दराबद्दल आणखी एक. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. आमचा हप्ता ७,४०० च राहिला, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. उतारा काढला तेव्हा दिसलं की मुदत जवळजवळ वर्षभर लांबली आहे. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय ग्राहकाला द्यायला हवा. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा आम्ही हप्ता कमी करून घेतला नाही, तोच ठेवून मुदत कमी करायला सांगितलं.

हप्ता थकणार असं दिसलं की

थकल्यावर नाही, थकणार असं दिसल्यावर जा. ९० दिवस हप्ता थकला की बँकेत खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरतं, आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं राहत नाही. मिळकतीचा पुरावा, वही आणि "मला महिन्याला एवढे झेपतात" हा आकडा लिहून घेऊन जा. "साहेब, काहीतरी करा" या वाक्याने काही होत नाही. "सहा महिने ५,००० भरतो, नंतर पूर्ण हप्ता, मुदत वाढवून द्या" असा लेखी अर्ज दिला की त्यावर काहीतरी लिहावं लागतं. पोच घ्या.

एकरकमी तडजोडीची ऑफर आली तर ती समजून घ्या. रक्कम कमी होते, पण पतअहवालात "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड जातं. दुसरा मार्गच नसेल तरच ती घ्यावी, आणि लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नये.

वसुलीवाल्यांना घाबरू नका. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा क्रमांक १४४४८. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे नाही, सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जाते.

सावकाराचं कर्ज असेल तर ते यादीत सर्वांत वर घ्या. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना लागतो, आणि परवानाधारकालाही दराची मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारण कर्ज ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. वर्षाला. महिन्याला नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, व्याजापोटी जमीन लिहून घेतली असली तरी. लाजेपोटी गप्प राहणाऱ्यांवरच हा धंदा चालतो. तक्रारीला एकट्याने न जाता सोबत कुणीतरी न्या, आणि जाताना दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीख लिहून न्या.

गावाकडचं घर असेल तर

करवीर, कागल, राधानगरीकडच्या माझ्या माहेरच्या गोतावळ्यात पैसा महिन्याने येत नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं बिल हंगामात. तिथे बेतही तसाच हवा. दुधाच्या तीन बिलांपैकी एक पेंड-वैरणीला, एक घरखर्चाला, एक हप्त्याला, असं माझी मामी करते आणि तिचं कधी थकत नाही. उसाचं बिल कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत यायला हवं, उशीर झाला तर त्यावर १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. तरी त्या बिलाच्या भरवशावर तारीख देऊन हातउसने घेऊ नका. सोसायटीची कपात जाऊन हातात किती येतं तेवढंच धरा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्याकडे सवलतींमुळे व्याज शून्यावर येतं. म्हणून बाकी कशालाही ओढ बसू दे, ते मुदतीत फेडायचं. एकदा थकलं की शून्य टक्क्यांचा सर्वांत स्वस्त पैसा हातचा जातो.

आमचे महिने कसे गेले

सप्टेंबर २०२२ ला भिशी संपली. फेब्रुवारी २०२३ ला दुचाकी. प्रत्येक वेळी सुटलेला हप्ता घरखर्चात मिसळू द्यायचा नाही, हीच सगळी कसरत. हप्ता सुटला त्याच दिवशी तेवढी रक्कम बँकेतून आपोआप दुसरीकडे जाईल अशी सूचना लावून टाका. किराणा उधारी भिशी सुटल्यावर फेडली. मार्च २०२३ पासून ७,९०० मोकळे झाले, त्यातले ६,००० पतसंस्थेत जादा, उरलेले अडीअडचणीच्या डब्यात. जादा रक्कम मुद्दलात जमा करा असं दरवेळी चिठ्ठीवर लिहून द्यायचो, नाहीतर ती पुढच्या हप्त्याला आगाऊ धरली जाते आणि व्याज वाचत नाही. डिसेंबर २०२५ ला संपणारं ते कर्ज जून २०२४ मध्ये संपलं. वीसेक हजार व्याज वाचलं, आणि यांच्या दोन मित्रांची मान मोकळी झाली.

मग तारणातलं सोनं. महिन्याला १२,५०० मुद्दलात. नोव्हेंबर २०२४ मध्ये यांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं, ३८,००० खर्च आला. तीन महिने आम्ही फक्त ठरलेले हप्ते आणि व्याज भरलं, जादा काही नाही. वहीत त्या तीन पानांवर फक्त "दवाखाना" लिहिलं आहे. असे महिने येणारच. त्यात जादा फेड थांबवायची, हप्ते नाही, आणि कार्ड कपाटातून काढायचं नाही. आधी डब्यात पैसे होते म्हणूनच ते जमलं. सप्टेंबर २०२५ ला सोनं घरी आलं. भावाला दर दिवाळीला दहा हजार देत आलो, वीस हजार राहिलेत. त्याला पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं की तुझं शेवटी फेडणार, पण तारीख चुकवणार नाही. गृहकर्ज तेवढं चालू आहे.

शेवटचा हप्ता भरल्यावर

हे काम लोक विसरतात. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलेलं नाही असं पत्र, घ्या. पतसंस्थेत शेअर्सची रक्कम कापलेली असते, ती परत मागा. घराची मूळ कागदपत्रं बँकेने कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यायची असतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर तो आपोआप उतरत नाही, दाखला जोडून तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. दुचाकीच्या आरसी बुकावरचं वित्त कंपनीचं नाव आरटीओत जाऊन काढा. दीड-दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून खातं "बंद" दिसतंय का ते बघा.

आणि कोरे सही केलेले चेक मोजून परत घ्या. आम्ही पतसंस्थेचं कर्ज घेताना चार दिले होते, नंबर वहीत लिहून ठेवले होते. परत तीन आले. चौथा फाईलमध्ये सापडत नाही म्हणाले. दोन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला बँकेत त्या नंबरचा चेक थांबवण्याचा अर्ज देऊन त्याची पोच संस्थेच्या टेबलावर ठेवली. आठवड्याने चेक सापडला. आता तो फाडून वहीच्या त्याच पानावर चिकटवला आहे.